पीटीचे दोनशे, लिफ्टचे पैसे आणि सरकारचं नेमकं काम

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की सरकारने ब्रेड भाजायची काही गरज नव्हती, पण 'सरकारच नको' म्हणणारे आग लागल्यावर फोन कुणाला लावणार ते पण सांगा. (ब्रेड खरंच भाजायचं हो सरकार, मॉडर्न ब्रेड ही सरकारी कंपनी होती, २००० साली विकली.) त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले या वेळचा सगळा कॉलम यालाच देऊन टाका. निम्म्या लोकांच्या मते मी लायसन्स-परमिटच्या जमान्यातली समाजवादी, उरलेल्यांच्या मते अमेरिकेला विकली गेलेली. काही प्रश्न लांबलचक होते ते कापलेत, शिव्या गाळल्यात, बाकी जसेच्या तसे.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, आयटीत आहे. इन्कम टॅक्स भरतो, वर प्रोफेशन टॅक्स, काही विकत घेतलं की जीएसटी. बदल्यात मिळतं काय तर दोन किलोमीटरला पाऊण तास. पाणी टँकरचं, वॉचमन सोसायटीचा, दवाखाना प्रायव्हेट. मग टॅक्स ही चोरी नाही तर काय आहे? बाबा रिटायर्ड सरकारी नोकर, त्यांच्याशी यावरून रोज वाजतं.
— एक वाचक, हिंजवडी

अरे बाबा, चिडचिड खरीच आहे तुझी. पण ती 'पैसे जातात कुठे' याची आहे आणि तू भांडतोयस 'पैसे द्यायचेच का' यावर. हिंजवडीचंच बघ ना. आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, गाव ग्रामपंचायतीचं, आजूबाजूच्या वाढीचं नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, आणि तुझा इन्कम टॅक्स जातो थेट दिल्लीला. तिथून वाटपाला येणाऱ्या करांतले ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून, त्यातला आपला वाटा मुंबईला, आणि मुंबईहून तुझ्या खड्ड्यापर्यंत येईस्तोवर खड्डा कुणाचा यावर चार ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवणार. मर्यादित सरकारवाल्यांचा जो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो इथे बरोब्बर लागू होतो, की पैसा जिथे गोळा होतो तिथेच जवळच्या जवळ खर्च झाला पाहिजे, म्हणजे जाब विचारायला माणूस समोर सापडतो. चोरीबिरी हा त्यांचा सगळ्यात कच्चा मुद्दा, आणि इन्स्टावर फिरतो नेमका तोच.

आता सॅलरी स्लिप काढ. पीटी म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, वर्षाला २,५००, तो कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, की गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं आणि त्यासाठीचा पैसा शहरात पगार घेणाऱ्यांकडूनही घ्यायचा. १९७७ ला त्याचा कायदा झाला, पुढे २००५ ला देशाने रोजगार हमीचा कायदा केला त्याचं मूळ हेच. त्या कामांवर पाझर तलाव झाले, रस्ते झाले, काही ठिकाणी नुसते खडीचे ढीग झाले तेही खरंय. मोकळ्या बाजाराचा पुरस्कर्ता अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन असता तर म्हणाला असता खडी कशाला फोडायला लावता, हातात पैसे द्या, तो बघेल काय करायचं ते. आणि हा माणूस तुमच्या बाजूचा हिरो आहे बरं का, तो सुद्धा गरिबाला काही देऊच नका असं म्हणत नव्हता, निगेटिव्ह इन्कम टॅक्सची, म्हणजे कमाई ठरावीक रकमेखाली असेल तर सरकारनेच उलट पैसे द्यायची, योजना त्याने मांडली. त्याच गोटातला अर्थतज्ज्ञ हायेक, त्यानेही १९४४ सालीच लिहून ठेवलंय की अन्न, वस्त्र, निवारा एवढं किमान प्रत्येकाला मिळावं याची सोय सरकारने करायला हरकत नाही.

बरं, आणखी कडक घेऊ, अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक, त्याचं १९७४ चं पुस्तक. त्याचं सरकार म्हणजे रात्रीचा पहारेकरी, चोरापासून-फसवणुकीपासून संरक्षण, करार पाळायला लावणं, बस. तेवढं तरी हवंच, कारण तुझा फ्लॅट तुझाच आहे हे सांगणारा कागद पाहिजे आणि कुणी घुसला तर त्याला बाहेर काढणारं कुणी तरी पाहिजे. आपल्याकडची गंमत अशी की नेमका हा पहारेकरीच पेंगतोय. देशभरात ५ कोटींपेक्षा जास्त खटले पडून आहेत. १९८७ ला विधि आयोग म्हणाला होता की १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश पाहिजेत, आज त्याच्या निम्मेही नाहीयेत. जमिनीची मोजणी आणायची म्हटलं तर साधी आणि तातडीची असे वेगवेगळे दर, म्हणजे घाई असेल तर सरकार स्वतःच जास्त पैसे घेऊन आधी नंबर लावतं. तर जिथे सरकार हवंच असं नोझिक, फ्रीडमन आणि तुझे बाबा तिघेही म्हणतील तिथे आपलं सरकार अपुरं आहे, आणि तेच सरकार ब्रेड भाजत होतं, हॉटेलं चालवत होतं, बजाजच्या स्कूटरी वर्षाला किती काढायच्या ते ठरवत होतं आणि लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत होते. बाबांना हे विचार. त्यांनी स्कूटर बुक केली असेल तर त्यांनाच जास्त माहिती असणार.

प्रश्न : आमची सात मजली सोसायटी. मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टला हातही लावत नाही. तरी मेंटेनन्समध्ये लिफ्टचे पैसे घेतात. 'जो वापरेल तो भरेल' हे तत्त्व तुम्हीच मागे टोलबद्दल लिहिलं होतं. मग इथे का नाही?
— एक सभासद, ठाणे

काका, द्यावेच लागतील. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट आहे की लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरा नाहीतर नका वापरू. पण तेच बिल नीट वाचा, पाण्याचे पैसे नळाची जोडणी किती आणि केवढी त्यावर, मोठ्या दुरुस्तीचा फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, आणि सफाई-वॉचमन-लिफ्ट सगळ्यांना सारखं. म्हणजे 'वापराल तसं भरा' आणि 'मिळून भरा' ही दोन्ही तत्त्वं एकाच कागदावर शेजारीशेजारी नांदतायत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याचं मोजमाप करता येतं ते मोजून घ्या, जे मोजायला गेलं तर भांडणंच जास्त होतील ते वाटून टाका, एवढा साधा हिशोब आहे तो.

आणि एक सांगते, लिबर्टेरियन, म्हणजे कमीत कमी सरकार हवं म्हणणाऱ्यांच्या, कोर्टातसुद्धा तुम्ही हराल. सभासद होताना उपविधी पाळीन म्हणून सही केलीत, स्वखुशीने केलेला करार आहे तो, आणि करार पाळणं हे त्यांच्याकडे सगळ्यात मोठं. तुमची केस समाजवाद्यांकडेच जरा बरी चालेल, ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत वगैरे.

टोलचं मी अजूनही तेच म्हणते. ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला, सगळ्यांनी पेढे वाटले, पण पुलाचा खर्च काही माफ होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि त्यात ज्याच्याकडे सायकलही नाही असा माणूसही असतो.

प्रश्न : आग लागल्यावर फोन कुणाला लावणार, हा तुमचा सवाल बालिश आहे. विमा कंपन्या ठेवतील की स्वतःचे बंब. लंडनमध्ये ठेवतच होत्या. इतिहास वाचा.
— एक वाचक, नागपूर

वाचलाय. ठेवत होत्या हे शंभर टक्के बरोबर, आणि १८३३ ला त्यांनी आपापले बंब एकत्र करून मोठं दलही काढलं, चांगलं चाललं ते बरीच वर्षं. मग १८६१ ला टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली, पूर्ण विझायला दोन आठवडे, दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवूड त्यातच गेला, आणि भरपाईचा आकडा एवढा झाला की कंपन्या स्वतःच सरकारकडे गेल्या की बाबांनो हे आता तुम्ही घ्या, आमच्याने नाही होत. १८६५ ला कायदा, १८६६ पासून सार्वजनिक दल. कुणी समाजवादी बळजबरीने घ्यायला गेला नव्हता हो, मालकांनीच आणून दिलं. कारण उघड आहे, विमा काढलेलं गोदाम वाचवायचं तर विमा न काढलेलं शेजारचंही विझवावं लागतं, मग विमा काढेल कोण?

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही एक टोला. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१० ला एक घर बंबाच्या डोळ्यांदेखत जळू दिलं, कारण वर्षाची ७५ डॉलर फी भरलेली नव्हती, मालक जागच्या जागी पैसे द्यायला तयार होता तरी. शेजाऱ्याने फी भरली होती म्हणून त्याच्याकडे आग जाऊ नये एवढंच बघितलं. हे उदाहरण लिबर्टेरियनांच्या तोंडावर फेकायची आमच्याकडे फॅशन आहे. पण तो बंब साउथ फुल्टन नगरपालिकेचा होता! हद्दीबाहेरच्यांसाठी पालिकेनेच फीची स्कीम काढली होती. प्रायव्हेट कंपनी असती तर कदाचित जागेवर दहापट पैसे घेऊन विझवली असती. तेव्हा हे उदाहरण दोन्ही बाजूंनी जरा जपून वापरा.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, आता अटलांटाजवळ राहते. आमच्या शेजारच्या सँडी स्प्रिंग्ज शहराने महापालिका जवळजवळ पूर्ण प्रायव्हेट कंपनीला दिली आणि शहर मस्त चाललं. भारतात हे का करत नाहीत? पुण्याला तर उद्याच करायला पाहिजे.
— एक वाचक, अल्फारेटा, जॉर्जिया

ताई, किती बरं वाटलं हे नाव कुणी तरी काढलं म्हणून, कारण या सगळ्या वादात खरं तपासून बघता येईल असं उदाहरण हेच. तुम्हाला माहीतच असेल पण बाकीच्यांसाठी सांगते. सँडी स्प्रिंग्जच्या लोकांची तक्रार होती की फुल्टन काउंटी आमच्याकडून टॅक्स घेते आणि खर्च दुसरीकडे करते, आम्हाला वेगळं शहर करून द्या. बरीच वर्षं राज्याच्या विधिमंडळात अडलं होतं ते, शेवटी जून २००५ मध्ये मतदान झालं, ९४ टक्के लोक हो म्हणाले, आणि १ डिसेंबर २००५ ला शहर सुरू. लाखाच्या आतबाहेरची वस्ती. पोलीस आणि अग्निशमन स्वतःकडे ठेवले आणि बाकी सगळं, रस्ते, परवाने, अकाउंट्स, बागा, फोन उचलणारा माणूससुद्धा, सीएच२एम हिल नावाच्या एका इंजिनीअरिंग कंपनीकडे. जगभरातून लोक बघायला यायचे.

पुढचं मात्र फॉरवर्डमध्ये येत नाही. २०११ मध्ये शहराने तोच ठेका परत बोलीला काढला आणि एका कंपनीऐवजी कामं वेगवेगळ्या कंपन्यांत वाटली, पैसे वाचले. आणि २०१९ ला हिशोब करून बघितला तर लक्षात आलं की स्वतःचे कर्मचारी ठेवले तर पाच वर्षांत १ कोटी ४० लाख डॉलर वाचतील, म्हणून बहुतेक सगळी कामं परत शहराकडे घेतली, त्यातले कितीतरी लोक तेच, फक्त पगाराच्या चेकवरचं नाव बदललं.

आता याला लिबर्टेरियन प्रयोग फसला म्हणायचं का? मी नाही म्हणणार. उलट मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच की त्यांना सोडता आलं. ठेका द्यायला जेवढी मोकळीक तेवढीच काढून घ्यायला, आणि दोन्ही वेळेला खर्चाचा आकडा टेबलावर. आपल्याकडे ठेका सुटतो तेव्हा बोली लावणारे दोन, दोघांचे पाहुणे एकच, मुदत संपली की मुदतवाढ, मुदतवाढ संपली की कोर्टातला स्टे. दाभोळ आठवतंय ना, एन्रॉनचं? प्रायव्हेट कंपनी, पण वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, एमएसईबी म्हणजे राज्याचं वीज बोर्ड, तेही लागो न लागो पैसे द्यायच्या अटीवर, वर सरकारची हमी. १९९९ ला वीज सुरू झाली आणि २००१ ला बोर्डाने घेणंच बंद केलं, परवडेना. त्याला खासगीकरण म्हणून शिव्या घातल्या गेल्या, पण ज्या व्यवहारात गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही तो बाजार कसला? ती सरकारी मक्तेदारीच, फक्त नफा दुसऱ्याचा.

पुण्याचं म्हणाल तर उद्या पूर्ण पालिका कंपनीला द्या असं मी नाही म्हणणार, पण एक गोष्ट ऑलरेडी चालू आहे ती बघा पुढच्या वेळी आलात की. घरोघरचा कचरा बऱ्याच भागात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था गोळा करते, पालिकेशी करार करून, आणि पैसे घरटी थेट त्यांच्या हातात. नोकरशाही नाही, बडी कंपनीही नाही. कचरा नेणारी ताई आली नाही तर सोसायटीला लगेच कळतं आणि सोसायटीने पैसे थकवले तर ताईला लगेच कळतं. लिबर्टेरियनांनी खरं तर हिचे पोस्टर लावायला पाहिजेत, पण त्यांना कंपन्याच आवडतात बहुतेक.

प्रश्न : मॅडम, शहरातल्या लोकांचं लिबर्टेरियन वगैरे चालू द्या. आमचं म्हणणं एका ओळीचं आहे. सरकारने आम्हाला काही देऊ नये आणि आमच्या कांद्याला हात लावू नये. जमेल का?
— कांदा उत्पादक, निफाड

दादा, तुमच्या एका ओळीला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण मराठीत हा वाद कुणी पुस्तकातून शिकवला नाही, तो शेतातून आला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले, आणि शेती का तोट्यात जाते ते स्वतःच्या वहीत मांडून बघितलं, तेव्हा त्यांना दिसलं की सरकार मदत करत नाही हे दुखणं नाहीये, सरकार भाव पाडतं हे आहे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तिथली. उणे सबसिडी, म्हणजे सरकारने भाव पाडून शेतकऱ्याकडूनच काढून घेतलेला पैसा, हा शब्द तुमच्याकडे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही माहितीये, अर्थशास्त्राच्या एमएला माहिती नसतो कधी कधी.

आणि तुमचं म्हणणं खरं ठरवायला सरकारने काही कसर ठेवलेली नाही. सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. सप्टेंबर २०२० ला परत निर्यातबंदी. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, ती मे २०२४ पर्यंत, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर उठली तीही शुल्क ठेवून, ते २० वर आलं सप्टेंबरात आणि पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. लागवड करताना शेतकऱ्याला काय माहिती की काढणीला दिल्ली काय ठरवणार आहे? भाव पडला तर नुकसान त्याचं, चढला तर बंदी, म्हणजे जुगारात हरण्याची परवानगी आहे, जिंकण्याची नाही. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा टंचाईच्या काळातला, तो अजून तसाच डोक्यावर. २०२० च्या तीन कृषी कायद्यांत त्याला जरा हात लावला होता, पण ते कायदे पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले, पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्यांना ते नको होते आणि शेतकरी संघटनेच्या अनिल घनवटांना हवे होते. दोघेही शेतकरीच. तिकडे हमीभावाने सरकार गहू-तांदूळ उचलतं, इकडे कांद्याला बंदी मिळते, मग एकाला सरकार हवंसं आणि दुसऱ्याला नकोसं वाटणारच ना. उसाचंही तेच, दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं हा नियम कुणाच्या भल्याचा आहे ते मी सांगायला नको, ऊसवाला शेतकरी नसावा असं वाटतं. आणि २०१९ ला अकोटला जाऊन बंदी असलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणारं जनुकबदल केलेलं) कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं संघटनेने, गुन्हे ओढवून घेऊन. मुंबईतल्या कुठल्या सेमिनारवाल्या लिबर्टेरियनने एवढं केलंय?

पण 'काही देऊ नये' हे तुम्ही पूर्ण म्हणताय ना, की कांद्यापुरतं? साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, ती नको म्हणणार? भाव कोसळला की नाफेडने खरेदी करावी म्हणून रास्ता रोको होतो, तो नको? तुम्ही म्हणाल आधी लुटलेलं परत देतायत, त्याला देणं म्हणत नाहीत, आणि हिशोबाने ते बरोबरही असेल. फक्त त्यात एक धोका मला दिसतो. एका हाताने बंदी घालायची आणि दुसऱ्या हाताने मोफत वीज द्यायची हे सरकारला फार सोयीचं जातं, दोन्हीकडे मतं मिळतात. वीज मोफत घेतली की बंदीविरुद्ध ओरडायचा आवाज अर्धा होतो, हे मुंबईला पक्कं माहितीये. मागायचंच असेल तर आधी बंदीच्या नुकसानीची भरपाई कायद्यात लिहून मागा, म्हणजे बंदी घालायला फुकट पडणार नाही. बाकी व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर वसूल करून देणारं कुणी तरी, आणि लासलगावहून बंदरापर्यंत रस्ता-रेल्वे, एवढं सरकार तर तुम्हालाही लागणारच.

प्रश्न : आमच्या सोसायटीला वर्षभर टँकर लागतो. पालिकेचं पाणी येत नाही, टँकर फोन केल्यावर तासात येतो. हाच पुरावा नाही का की बाजार जिंकला?
— एक चेअरमन, वाघोली

टँकर वेळेवर येतो हे खरं, आणि पालिकेची लाज काढायला ते पुरेसं आहे. पण टँकरवाला विकतो काय? गाडी, डिझेल, ड्रायव्हर याचे पैसे त्याने मोजलेत, पाण्याचे नाही. १८८२ च्या जुन्या कायद्यापासून चालत आलंय की ज्याची जमीन त्याला खालचं पाणी उपसायची मुभा, आणि खालचं पाणी काही सातबाऱ्याच्या रेषा बघून थांबत नाही, त्याच्या बोअरला येतं ते शेजाऱ्याच्या विहिरीतलंच. शेजाऱ्याला विचारलं नाही, पैसे दिले नाहीत, आणि त्याची विहीर आटली की तोही टँकर बोलावणार. पक्का लिबर्टेरियन असेल तर त्याने इथे 'मालमत्तेचा हक्क' म्हणून ओरडायला पाहिजे.

याच्यावर सरकारी नियमच हवा असंही नाही. हिवरे बाजारला गावाने बसून ठरवलं, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, पाऊस किती पडला ते मोजून पीक कुठलं घ्यायचं ते ठरवायचं. पोपटराव पवारांचं गाव म्हणून सगळ्यांना माहितीये. एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गोष्टींच्या अभ्यासाला, की सगळ्यांच्या मालकीचं पाणी-जंगल लोक स्वतः नियम करून कसं सांभाळतात. तरी तिथे सुद्धा बांधबंदिस्तीला पैसा सरकारी योजनांमधूनच आला हे विसरू नका, रोजगार हमीचा पण होता त्यात, म्हणजे वर ज्या पीटीवरून हिंजवडीचा मुलगा चिडलाय त्याचाच. वाघोलीत तुम्ही चेअरमन लोकांनी एकत्र येऊन कोण किती खोल जाणार एवढं जरी ठरवलंत तरी मोठी गोष्ट. जमणार नाही बहुधा, पण विचारायला काय जातंय.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आता सगळीकडे चर्चा आहे की शाळांना पैसे देण्यापेक्षा पालकांना व्हाउचर द्या, ते ठरवतील शाळा कुठली. आमचं काय होणार?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

मॅडम, कल्पना जुनी आहे, फ्रीडमनने १९५५ ला मांडलेली, त्याच वर्षी तो भारतातही आला होता सरकारला सल्ला द्यायला, कुणी ऐकलं नाही हा भाग वेगळा. चिलीने १९८१ ला केलं, स्वीडनने १९९२ ला, आणि दोन्हीकडे अजून भांडणं चालू आहेत की मुलं जास्त शिकली की फक्त वेगवेगळी झाली. आपल्याकडे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा म्हणजे एक प्रकारचं व्हाउचरच, मूल प्रायव्हेट शाळेत आणि फी सरकारकडून. पण सरकार शाळांचे पैसे थकवतं, शाळा मुलांना नाकं मुरडतात, आणि फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियमच बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेला सूट. हायकोर्टाने जुलैमध्ये तो रद्द केला. वेळेवर पैसे न देणारं सरकार व्हाउचर वेळेवर देईल असं ज्यांना वाटतं त्यांना नमस्कार.

आणि जिथे पटावर वीस मुलं आहेत त्या वस्तीवर पालक व्हाउचर घेऊन जाणार कुठे? दुसरी शाळा असेल तर निवड. मला वाटतं शहरात, तालुक्याच्या गावात थोडं करून बघायला हरकत नाही, वाडी-तांड्यावर तुमची शाळा हीच एक शाळा आहे आणि राहणार. तुमच्यासाठी माझी मागणी त्याहून साधी आहे. निवडणूक, जनगणना, दर आठवड्याला नवीन अ‍ॅपवर फोटो, हे सगळं काढून घ्या आणि शिकवू द्या. एवढं 'मर्यादित सरकार' झालं तरी बास.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे चार मित्र एक पक्ष काढायचा विचार करतोय. कमी कर, मोकळा बाजार, छोटं सरकार. समाजवाद अजिबात नको. काही सल्ला?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

काढा की. तुम्ही पहिले नाही एवढं लक्षात असू द्या. राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी १९५९ ला स्वतंत्र पक्ष काढला, १९६७ ला लोकसभेत ४४ जागा, विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष, आणि १९७४ ला दुसऱ्यात विलीन. शरद जोशींनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला. निफाडच्या दादांना भेटून या आधी, तुमच्या जाहीरनाम्याचं पहिलं पान तिथेच मिळेल, मेट्रो आणि स्टार्टअपवर नंतर लिहा.

आणि अर्ज भरताना एक अडचण येईल. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९ अ, १९८९ पासून लागू. निवडणूक आयोगाकडे नोंदणी हवी असेल तर पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं कलम लिहूनच द्यावं लागतं. शरद जोशींनी राज्यसभेत असताना ते काढायचं खासगी विधेयक आणलं होतं, कायदा तसाच राहिला. तेव्हा समाजवाद अजिबात नको म्हणणाऱ्या तुम्हा चौघांपैकी ते कलम कोण टाइप करणार तेवढं आधी ठरवा.